वीस वर्षं सरपंचपद एकाच घरात, आणि आता आमच्या जाऊबाई उभ्या राहतायत

शिवारातली

माझ्या थोरल्या जाऊबाई येत्या ग्रामपंचायतीला सरपंचपदासाठी उभं राहायचं म्हणतायत. इथे गावकारभारातली जाणती मंडळी आहेत म्हणून धागा काढतेय. लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागणार?

गाव अहिल्यानगर जिल्ह्यातलं, ग्रामपंचायत अकरा सदस्यांची. २००५ पासून सरपंचपद एकाच घरात आहे. आधी तात्या, मग महिला आरक्षण पडलं तेव्हा काकू, मग परत तात्या. एका निवडणुकीत तर समोर कुणी अर्जच भरला नाही. आता सोडतीत सर्वसाधारण महिला निघालंय, म्हणजे अर्ज काकूंचा आणि कारभार तात्यांचा, हे गावात सगळ्यांनी धरूनच चाललंय.

तात्यांबद्दल वाईट लिहायला मी बसलेली नाही. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर पहिली गाडी त्यांची निघते. मयतीला ते नाहीत असं होत नाही. सासूबाईंना साप चावला तेव्हा तेच घेऊन गेले होते, ते आम्ही जन्मात विसरणार नाही. अडचण नेमकी इथेच आहे. गावातल्या निम्म्या घरांवर त्यांचे असे उपकार आहेत. त्यांच्याविरुद्ध मत मागायचं म्हणजे काय तोंडानं मागायचं?

आता दुसरी बाजू. गावठाणात नळाला दिवसाआड पाणी येतं. आमच्या मळ्याकडच्या वस्तीला चौथ्या दिवशी, पहाटे साडेचारला, जेमतेम पाऊण तास. बायका हंड्याला हंडा लावून उभ्या असतात. धार करंगळीएवढी झाली की शेवटच्या घरांनी रिकामा हंडा उचलून परत फिरायचं. टाकी भरलेली असते. आक्कांनी, म्हणजे जाऊबाईंनी, स्वतः शिडीवर चढून बघितलंय. कुठला व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा याची कुठेही नोंद नाही. विचारलं की उत्तर येतं, "तात्यांना विचारा." घरकुलाची यादी, रस्त्यावरचे दिवे, नमुना आठला, म्हणजे पंचायतीतल्या घराच्या नोंदीला, बाईचं नाव लावणं, सगळ्याला हेच उत्तर. ग्रामसभा कागदावर होते, आणि सह्यांसाठी रजिस्टर घरोघर फिरतं.

आक्का बारावीपर्यंत शिकलेल्या, बचत गटाचं काम त्यांनी उभं केलंय, हिशेबाला पक्क्या. सासरे म्हणतात, भावकीत वाईटपणा नको. मला दोन गोष्टी हव्यात. कागदपत्रांत कुठे अडकायला होतं ते कळावं. आणि ज्याचे उपकार आहेत त्याच्या कारभाराविरुद्ध कसं बोलावं ते कुणीतरी सांगावं.

नमुना_आठ

ताई, मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बहुतेक नवे उमेदवार मतदानात पडत नाहीत, छाननीतच पडतात.

ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ कुणाकडून तरी समजून घ्या. पहिलं, थकबाकी. घरपट्टी, पाणीपट्टीचं मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरलेलं नसेल तर अपात्र. बिल नवऱ्याच्या नावावर असलं तरी आजच भरून टाका, पावती जपून ठेवा आणि थकबाकी नसल्याचा दाखला लेखी अर्ज देऊन मागा. तोंडी मागाल तर ऐनवेळी दप्तर बंद असेल. दुसरं, अतिक्रमण, आणि हे सगळ्यात घातक. उमेदवाराच्या स्वतःच्या नावावर काही नसलं तरी घरच्यांनी सरकारी जागेवर केलेलं अतिक्रमण अंगाशी येऊ शकतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तसा निकाल दिला आहे. तुमच्या सासऱ्यांचा एखादा गोठा, एखादी पडवी गायरानात गेलीय का, हे मोजून घ्या. समोरचा माणूस वीस वर्षं दप्तर सांभाळतोय, त्याला गावातला प्रत्येक गोठा पाठ आहे. तिसरं, १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेलं तिसरं अपत्य नको. चौथं, घरात कुणी ग्रामपंचायतीच्या कामाचा ठेका घेतलेला असेल तर तोही तपासा.

जाऊबाईंची जागा सर्वसाधारण असल्यामुळे त्यांना जात पडताळणीची भानगड नाही. पण पॅनेलमध्ये राखीव जागांवर जे उभे राहतील त्यांना पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा लागेल आणि निवडून आल्यावर मुदतीत वैधता प्रमाणपत्र द्यावंच लागेल. कितीतरी निवडून आलेले सदस्य त्यापायी घरी बसलेले मी बघितलेत.

अजून एक. मतदार यादी आत्ताच बघा. ग्रामपंचायतीची यादी वेगळी बनत नाही, विधानसभेच्या यादीचे प्रभागवार तुकडे पाडतात. निवडणूक लागल्यावर त्यात नवीन नाव घालता येत नाही. चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव तेवढं हरकत घेऊन दुरुस्त होतं. वस्तीवरच्या नव्या सुना आणि अठरा पूर्ण झालेली पोरं, त्यांचे अर्ज निवडणुकीची वाट न बघता भरा.

पारावरचा

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आमच्या गावात तीन पंचवार्षिक झाल्या चुरशीच्या. आज परिस्थिती अशी की सख्खे चुलत भाऊ एकमेकांच्या पोरींच्या लग्नाला जात नाहीत. यात्रेच्या दोन पालख्या निघतात. रस्ता अडवल्याच्या केसेस वेगळ्याच. त्यापेक्षा चार वडीलधाऱ्यांनी बसून तोडगा काढावा, अडीच-अडीच वर्षं वाटून घ्यावीत. बिनविरोध गावाला कुठे कुठे निधीही मिळतो. तुमच्या तात्यांना चार लोकांसमोर पाण्याचं सांगितलं तर ते ऐकणार नाहीत का?

शिवारातली

@पारावरचा, राग अजिबात नाही, सासरेही हेच म्हणतात. पण पाण्याचं चार लोकांसमोर सांगून झालंय, अर्जही दिलेत. दर वेळी "बघतो" म्हणाले आणि आठवडाभर धार वाढली. मग पुन्हा तेच. वाटून घ्यायचं म्हणाल, तर थेट सरपंच निवडून येतो तिथे अडीच वर्षांनी राजीनामा देणं त्याच्या मर्जीवर. तो शब्द कुठे लिहून मिळणार?

@नमुना_आठ, काका, तुमचा प्रतिसाद वाचून घरात एकदम शांतता पसरली. गोठा आहे. उद्याच मोजतो.

नगरकर

बिनविरोधवर मला बोलायचंच आहे. मी तुमच्याच जिल्ह्यातला.

जानेवारी २०२१ ची निवडणूक आठवा. राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींचा कार्यक्रम लागला होता, त्यातल्या दीड हजारांहून जास्त बिनविरोध झाल्या. आपल्याकडे पारनेर तालुक्यात तर बिनविरोध करणाऱ्या गावाला २५ लाखांचा निधी देऊ अशी घोषणा आमदारांनी केली होती. त्याच निवडणुकीत हिवरे बाजारला तीस वर्षांनी पहिल्यांदा मतदान झालं. पोपटराव पवारांसमोर कुणीतरी अर्ज भरला, तर केवढी हळहळ झाली! आदर्श गावाला गालबोट, पद्मश्री माणसासमोर उभं राहतात, वगैरे. निकाल काय लागला? सातही जागा पोपटरावांच्या पॅनेलला, मोठ्या फरकाने.

मला विचाराल तर त्या निवडणुकीनं हिवरे बाजारचं काही बिघडलं नाही. उलट तीस वर्षं जी गोष्ट गृहीत धरली होती ती गावानं मत देऊन सांगितली. नव्वद साली जी पोरं जन्मलीही नव्हती, त्यांना पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की बाबांनो, तुम्हाला हे हवंय ना? चांगल्या सरपंचाला विरोधकाची भीती वाटायचं कारण नाही. आणि जो उभा राहिला त्यानं गुन्हा केला नाही. हरणार हे माहीत असूनही उभं राहणं हे गावाचंच काम आहे.

पारावरच्या दादांच्या गावातलं भांडण मतपेटीनं लावलं असं मला वाटत नाही. आधीचंच होतं, त्याला तोंड फुटलं. जिथे निवडणूक होत नाही तिथे ते मिटतं असंही नाही, फक्त ज्याचं पारडं हलकं तो गप्प बसतो.

कांदाचाळ

नाशिकहून. बिनविरोधची दुसरी बाजू आमच्या देवळा तालुक्यात सगळ्या महाराष्ट्रानं बघितली. त्याच २०२१ च्या निवडणुकीत उमराण्याला सरपंचपदाची बोली लागली, २ कोटी ५ लाखांपर्यंत गेली. मंदिराच्या कामासाठी पैसे म्हणून सांगितलं गेलं. नंदुरबारच्या खोंडामळीत ४२ लाख. राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. पैसे देवाला गेले तरी मत विकलंच गेलं ना? ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू आहे त्यानं त्या बोलीत कुठे उभं राहायचं? बिनविरोध म्हटलं की मी पहिल्यांदा हे विचारतो की माघार कुणी घेतली आणि का घेतली.

सरळमार्गी

सगळे एकाच बाजूनं बोलताय म्हणून लिहितो. अनुभवाला काही किंमत आहे की नाही? पंचायत समितीत कुठल्या टेबलावर फाइल अडते, जिल्हा परिषदेत कुणाला भेटायचं, जलजीवनचा ठेकेदार काम सोडून पळाला तर कुणाकडे दाद मागायची, हे शिकायला नव्या माणसाची दोन वर्षं जातात. पाच वर्षांतली दोन. तेवढ्यात गावाचं नुकसान होतं. आणि बदल म्हणून बदल करण्याचं फळ पाटोद्यानं बघितलंय. छत्रपती संभाजीनगरजवळचं पाटोदा, कर भरणाऱ्याला फुकट दळण, गरम पाणी, सगळा देश बघायला यायचा. भास्करराव पेरे पाटलांनी पंचवीस वर्षं घातली त्या गावासाठी. २०२१ ला ते स्वतः उभे नव्हते, मुलगी उभी होती, ती हरली. एवढं करूनही लोक विसरतात. मग कुणी कशाला मर मर काम करेल?

नगरकर

@सरळमार्गी, पेरे पाटलांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण लोक विसरले असं का म्हणायचं? काम पेरे पाटलांचं होतं, उमेदवार दुसरी होती. लोकांनी कामाचं कौतुक कौतुकाच्या जागी ठेवलं आणि पद वारशानं द्यायचं नाकारलं, असंही वाचता येतं. तुमचा अनुभवाचा मुद्दा मात्र खरा आहे, तो सोडून देण्यासारखा नाही. शिवारातली ताई, याचं उत्तर तुमच्या आक्कांकडे तयार पाहिजे. प्रत्येक घरात हा प्रश्न येणार.

दादर_टीटी

शहरातलं उदाहरण देतो, निवडणूक लोकसभेची असली तरी गोष्ट हीच आहे. १९६७, दक्षिण मुंबई. स. का. पाटील म्हणजे तीनदा मुंबईचे महापौर, केंद्रात मंत्री, मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणायचे त्यांना. समोर जॉर्ज फर्नांडिस, महापालिकेतले नगरसेवक आणि कामगार पुढारी. पाटील वाईट आहेत एवढंच सांगत फिरले असते तर पडले असते. प्रचाराचा सगळा रोख लोकांच्या मनातल्या एकाच समजुतीवर होता, की पाटलांना कुणी पाडू शकत नाही. पाडू शकतं, आणि ते तुम्ही, हे त्यांनी मतदाराला पटवलं. पाटील पडले.

माझे वडील तेव्हा गिरणीत होते. ते सांगायचे, लोकांना राग आधीपासून होता, विश्वास नव्हता. तुमच्या गावातही बहुधा तसंच असेल.

रानजाई

ताई, मी उभी राहिले होते आणि पडले होते. सांगली जिल्हा, समोर पंधरा वर्षांचा कारभार. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते.

उपकाराच्या विरुद्ध बोलू नका. उलट आपणच आधी सांगा. आम्ही घरात गेलो की पहिलं वाक्य हेच असायचं की "अण्णांनी तुमच्या अडचणीला गाडी दिली, ते मोठं काम केलं. गाडी त्यांची होती, डिझेल त्यांचं होतं. पण टाकीतलं पाणी त्यांच्या घरचं नाही." एवढं बोललं की समोरची बाई मान वर करून बघायची. माणूस आणि पंचायत यांत लोकांना फरक कळतो, फक्त तो कुणी मोठ्यानं बोललेला नसतो.

मग कागद. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकला, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे किती आले, कशावर गेले, ते मागितलं. त्यातले साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेले होते. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर पंचायतीच्या खर्चाच्या नोंदीही दिसतात, मोबाइलवर. आमच्या वस्तीवर एकच दिवा बसला होता आणि कागदावर जास्त होते. मी भाषण केलं नाही. तो कागद घेऊन त्या खांबाखाली बायकांना घेऊन गेले आणि वाचून दाखवला. कुणावर चोरीचा आरोप केला नाही, तुम्हीही करू नका. सिद्ध करता येत नाही तोपर्यंत आकडा वाचायचा आणि थांबायचं.

शेवटच्या दोन रात्री जड जातात. साड्या येतात, पाकिटं येतात, देवाची शपथ घालतात. शपथ घातलेल्या बाईला "मोडा शपथ" म्हणू नका, तिला खरंच भीती असते. तिला एवढंच सांगा की यंत्रापाशी तू एकटी असतेस. आणि प्रत्येक केंद्रावर आपला मतदान प्रतिनिधी असा बसवा जो उठून जेवायला जाणार नाही. माझा गेला होता.

पडले त्याबद्दल. सतरा मतांनी पडले. आठ दिवस दार लावून होते. पण त्यानंतरची ग्रामसभा खरीखुरी भरली, कारण आता प्रश्न विचारणारी बाई गावात आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पाण्याचं वेळापत्रक पंचायतीच्या फळ्यावर लागलं. ज्यांनी मला पाडलं त्यांनीच लावलं. म्हणून सांगते, उभं राहा.

पारावरचा

रानजाई ताई, तुमचं वाचून थांबलो. आमच्या गावात असं कुणी बोललं असतं तर कदाचित दोन पालख्या झाल्या नसत्या. माझं मत पूर्ण बदललं नाही, चुरस वाईट जाते हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण शिवारातली ताई, एक करा. निकालाच्या दिवशी, कुणीही जिंको, गुलाल तात्यांच्या दारासमोर उधळू देऊ नका. आमच्याकडे सगळं तिथून सुरू झालं.

शिवारातली

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात बरंच घडलंय, ते सांगते.

गोठा मोजला. एक बाजू खरोखर गायरानात गेलेली निघाली. सासरे दोन दिवस बोलले नाहीत, मग स्वतःच पत्रे उतरवायला लागले. म्हणाले, "उभी राहायचंच आहे तर कुणाला बोट दाखवायला जागा नको." आक्का चुलीपाशी जाऊन रडल्या. काढल्याचा पंचनामा करून मागितलाय, फोटो तारखेसकट ठेवलेत. घरपट्टी, पाणीपट्टी भरली, पावत्या आल्या.

महिला सभा नियमानं ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते, हे आम्हाला माहीतच नव्हतं. आक्कांनी लेखी मागणी केली. सभा झाली, आमच्या वस्तीवरच्या झाडून सगळ्या बायका आल्या. आक्कांनी एकच प्रश्न विचारला की कुठल्या वस्तीला किती वेळ पाणी सोडायचं हे कुणी ठरवलं, आणि ते कुठे लिहिलंय? काकू अध्यक्षस्थानी होत्या. त्यांनी शेजारी बघितलं, तात्या नव्हते, महिला सभा होती. मग काकू म्हणाल्या, "मला नाही माहीत, पण असायला पाहिजे." खरं सांगते, मला काकूंचं वाईट वाटलं. इतकी वर्षं सह्या करून त्यांना कुणी काही सांगितलेलंच नाही. आक्कांचं म्हणणं असं की प्रचारात काकूंबद्दल एक शब्द वावगा जाता कामा नये, आणि जो बोलेल त्याला पॅनेलमध्ये ठेवायचं नाही.

@सरळमार्गी, अनुभवाचा प्रश्न आलाच. पहिल्याच घरात आला. आक्कांनी सांगितलं, "टेबलं मला शिकावी लागतील, बरोबर आहे. पण बँकेनं गटाचं कर्ज तीनदा नाकारलं तेव्हा तिथली टेबलंही मी शिकलेच होते." तुमचा मुद्दा मनावर घेऊन त्या आता दर आठवड्याला पंचायत समितीत जाऊन बसतात, कामाशिवाय.

तात्यांनी निरोप धाडला होता, उपसरपंचपद घ्या आणि मिटवा. आक्कांनी स्वतः जाऊन, पाया पडून, नाही म्हणून सांगितलं. तात्या चिडले नाहीत. "बघू या मग" एवढंच म्हणाले. त्यांच्या घरचा चहा पिऊनच आक्का परतल्या.

आता एक नेमकं विचारायचंय. खर्चाचा हिशेब कसा ठेवायचा आणि मर्यादा किती?

नमुना_आठ

अकरा आणि तेरा सदस्यांच्या ग्रामपंचायतीत मागच्या निवडणुकांना थेट सरपंचाच्या उमेदवाराला एक लाख आणि सदस्याला ३५ हजार अशी मर्यादा होती. कार्यक्रम जाहीर झाला की नवा आदेश तहसीलमधून घ्या. वही अर्ज भरल्याच्या दिवसापासून सुरू करा, चहाची बिलंसुद्धा लिहा. रोजचा खर्च त्याच रात्री लिहायचा, आठवड्याचा एकदम नाही. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब दाखल करावाच लागतो, हरलात तरी. न केल्यास पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं, आणि पडलेले उमेदवार नेमके इथेच पुढच्या निवडणुकीला मुकतात. हिशेब दिल्याची पोच घ्या. सभेनंतरच्या इतिवृत्ताची नक्कलही आत्ताच मागून ठेवा. काकू जे बोलल्या ते त्यात आलंय का, ते बघा. नसेल तर पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना लेखी हरकत द्या.

शिवारातली

उद्याच नकलेसाठी अर्ज देते. वहीही आणते. मतदार यादीचं काम चालू आहे. वस्तीवरच्या नव्या सुनांपैकी बऱ्याच जणींची नावं अजून माहेरच्याच यादीत आहेत, त्यांचे अर्ज भरून घेतोय. कुणाकडे मतदान प्रतिनिधींना शिकवायला उपयोगी पडेल असं मराठीतलं काही असेल तर इथे जरूर टाका.